सेंट जॉर्जेसची पोटनिवडणूक आणि हिंदुस्थान

मार्च १९३१ म्हटले की आपल्याला ५ तारखेचा गांधी-आयर्विन करार आठवतो आणि २३ तारखेची भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची फाशी. या दोन तारखांच्या मध्ये, १९ मार्चला, लंडनमधल्या एका पोटनिवडणुकीचे मतदान झाले. आपल्याकडे तिचा उल्लेख क्वचितच होतो. माझ्या मते तो व्हायला हवा.

वेस्टमिन्स्टर सेंट जॉर्जेस हा धनिकांचा मतदारसंघ, हुजूर पक्षाचा बालेकिल्ला. खासदार वर्दिंग्टन-एव्हान्स यांच्या निधनाने जागा रिकामी झाली. मजूर आणि लिबरल पक्षांनी उमेदवारच दिला नाही. लढत झाली ती हुजूर पक्षाच्या घरातच: अधिकृत उमेदवार डफ कूपर विरुद्ध उद्योगपती सर अर्नेस्ट पेटर. पेटर यांच्या पाठीशी दोन वृत्तपत्रसम्राट उभे होते, 'डेली एक्सप्रेस'चे बीव्हरब्रुक आणि 'डेली मेल'चे रॉदरमिअर. दोघांनाही पक्षनेते स्टॅन्ली बाल्डविन नको होते. बीव्हरब्रुक यांचा हट्ट साम्राज्यांतर्गत मुक्त व्यापाराचा. रॉदरमिअर यांचा राग हिंदुस्थानला द्यावयाच्या सवलतींवर. बाल्डविन आयर्विन यांची पाठराखण करीत होते, आणि याच प्रश्नावर चर्चिल जानेवारीत त्यांच्यापासून दूर झाले होते. 'गांधींचे सेंट जॉर्जेसकडे लक्ष आहे', असे मतदारांना बजावले जात होते. पेटर जिंकते तर बाल्डविन यांचे नेतृत्व टिकणे अवघड होते.

'डेली मेल'ने बाल्डविन यांच्या घटलेल्या वडिलोपार्जित संपत्तीवरून त्यांची लायकी काढली. १७ मार्चला क्वीन्स हॉलमधल्या सभेत त्यांनी उत्तर दिले: या मालकांना जबाबदारीविना सत्ता हवी आहे, आणि तो तर युगानुयुगे वारांगनेचा हक्क! हे वाक्य त्यांना मावसभाऊ रडयार्ड किपलिंग यांनी पुरवले, असे मानले जाते. जन्माने मुंबईकर असलेले किपलिंग स्वतः हिंदी स्वराज्याचे कट्टर विरोधक होते, हे विशेष.

कूपर यांना १७,२४२ मते पडली, पेटर यांना ११,५३२. बाल्डविन तरले. ऑगस्ट १९३५ मध्ये भारत सरकार कायदा संमत झाला तेव्हा पंतप्रधान तेच होते. त्या कायद्याखाली १९३७ च्या प्रांतिक निवडणुका झाल्या आणि मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले.

एका जागेच्या निकालाने हे सारे घडले, असे मी म्हणणार नाही. कायद्यामागे आपल्या चळवळीचा रेटा होता. पण त्या निवडणुकीत हिंदुस्थानचा प्रश्न पणाला लावला गेला, आणि त्यावर मत द्यायला हिंदुस्थानातला एकही मतदार नव्हता. पारतंत्र्य म्हणजे काय, हे मला या आकड्यांतून अधिक स्वच्छ कळते.