आधी उतार, मग झाड : लँडस्केप आर्किटेक्चरच्या शिक्षणाविषयी

लँडस्केप आर्किटेक्चर शिकायचे आहे असे मुलीने घरी सांगितले की बहुधा पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे बागा करणार का?’ प्रश्न काळजीपोटी विचारलेला असतो, पण त्यामागची समजूत पक्की असते. इमारत आर्किटेक्टची, रस्ता सिव्हिल इंजिनिअरचा, आणि सगळे उरकल्यावर उरलेल्या जागेत हिरवळ, कारंजे नि चार शोभेची झाडे मांडायची ती लँडस्केपवाल्याने. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. या अभ्यासक्रमात झाडाच्या आधी जमीन येते. तिचा उतार किती, पाणी कुठून येते नि कुठे जाते, खाली कातळ आहे की मुरूम, वर माती किती, हे आधी शिकावे लागते. इमारत कुठे बसावी आणि कुठे मुळीच बसू नये, हे त्यावरून ठरते. म्हणून या माणसाला बोलवायची वेळ बांधकाम संपल्यावरची नसून पहिली रेघ ओढण्याआधीची असते.

हे पटायला मुळशी तालुक्यातल्या रिह्याचे खोरे डोळ्यांसमोर आणावे. पिरंगुटहून घोटवड्याकडे वळून पुढे गेले की हे गाव लागते. वर काळ्या कातळाचे डोंगर, मधे मुरमाड उतार, तळाला भातखाचरे, अशी इथली ठेवण. पश्चिमेला ताम्हिणीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर पूर्वेला पुणे शहरात सरासरी सातशेच्या आसपास. रिहे या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात येते. पाऊस येतो तो चार महिन्यांत, आणि बेसाल्टचा अखंड कातळ पाणी पोटात घेत नाही. ते मुरते ते वरच्या मातीत, झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. पावसाळा संपल्यावर ओढा किती दिवस वाहणार आणि विहिरीला पाणी किती राहणार, हे त्या पातळ थरावर अवलंबून असते. इकडे हिंजवडीचे आयटी पार्क याच तालुक्यात आहे, शहर पश्चिमेकडे सरकते आहे आणि मुळशीतल्या डोंगरउतारांवर फार्महाऊसचे प्लॉट पडत आहेत. प्लॉट सपाट करायला जेसीबी पहिल्या दिवशी खरवडतो तो नेमका तोच थर.

यात किती पाण्याचा हिशेब असतो ते पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि इकडे तो होतोच, तर त्या एकरावर चार लाख लिटर पाणी पडते. गवत-झुडपांच्या जमिनीवरून त्यातले ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश वाहून जाते असे धरतात, म्हणजे एक ते सव्वा लाख लिटर. तीच जागा काँक्रीट नि फरशीखाली गेली की नऊदशांश पाणी वाहते, साडेतीन लाख लिटरच्या पुढे. (जुलैअखेर माती आधीच भिजून चिंब असते तेव्हा हा फरक कमी होतो, आणि तेही हिशेबात धरावे लागते.) वरच्या प्लॉटवाल्याने आपले अंगण कोरडे ठेवले, तरी ते वाढलेले अडीच लाख लिटर पाणी खालच्या खाचरात उतरते आणि बांध फोडते. विद्यार्थ्याला हा हिशेब मांडता आला पाहिजे आणि त्यावरून चर किती रुंद, पाणी कुठे थोपवायचे, कुठे मुरवायचे, हे काढता आले पाहिजे. शोभेच्या कामात हे बसत नाही.

‘गणिताचा कंटाळा आहे, चित्रकला बरी आहे, म्हणून हा विषय’ असे जे सुचवतात त्यांनी मुलांचे नुकसान करू नये. चित्र काढता आले तर चांगलेच, पण त्याहून मोलाचे आहे ते कंटूर, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा, वाचता येणे. पुणे परिसरात १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकामाला मनाई आहे. म्हणजे पाच मीटर चालल्यावर जमीन एका मीटरहून अधिक चढत असेल तर तिथे घर नको. आता १:५०० प्रमाणाच्या नकाशावर उंचीच्या एकेक मीटरच्या अंतराने कंटूर रेषा काढल्या, तर पाच मीटर म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर. दोन रेषा एक सेंटिमीटरपेक्षा जवळ आल्या की तो भाग मनाईत गेला. ज्याला हे दिसते त्याला पट्टी लावताच कळते की दलालाने ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणून दाखवलेला प्लॉट घर बांधायच्या लायकीचा आहे की नाही. मग भूशास्त्र, मातीचा अभ्यास, वनस्पतिशास्त्र, जलनिस्सारण, नकाशांचे थर एकावर एक ठेवून जागेची योग्यता ठरवणे हे सगळे येते. ही थरांची पद्धत इयान मॅकहार्ग यांच्या १९६९ सालच्या ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकामुळे जगभर गेली आणि आज संगणकावर जीआयएसच्या रूपाने शिकवली जाते.

उताराकडे आणि पाण्याकडे दुय्यम काम म्हणून पाहिले की काय होते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे गेली. दरडीला अतिवृष्टी कारण होतीच, तिथल्या उताराच्या घडणीची चर्चाही पुष्कळ झाली. पण इथे लक्ष द्यायचे ते पुढच्या भागाकडे. आमडे इथे नवे गाव वसवले, एप्रिल २०१७ मध्ये लोकांना घरे मिळाली, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसातच भराव खचला, रस्त्यांना तडे गेले. त्या वेळी लोक काय भीतीने जगले असतील! घरे उभी होती. ढासळत होती ती घरांमधली जमीन. कापलेला उतार, टाकलेला भराव आणि त्यातून वाट काढणारे पाणी यांचे शास्त्र म्हणजे या विद्येचा गाभा आहे, आणि तिला ‘सुशोभीकरण’ म्हणणे म्हणूनच मला केवळ चुकीचे नाही तर धोक्याचे वाटते.

झाडांविषयीचा गैरसमज थोडा वेगळा आहे. ‘हिरवे ते चांगले, म्हणून जितकी झाडे लावाल तितके बरे’ असे मानले जाते. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले; दोन्ही झटपट वाढतात म्हणून सर्रास लावली गेली. पण झाड कोणते आणि कुठे, हे महत्त्वाचे. ओढ्याकाठी उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज यांची मुळे काठ धरून ठेवण्याचे जे काम करतात ते पाणी घालून जगवलेल्या हिरवळीला जमत नाही. आणि काही जागी तर झाड लावूच नये. डोंगरमाथ्यावरचे कातळाचे सडे आणि गवताळ माळ उजाड दिसतात, पण पावसाळ्यातली तिथली फुले आणि गवत हीच तिथली पूर्ण वाढलेली वनस्पतिसृष्टी असते. तिथे खड्डे घेऊन वृक्षारोपण करणे म्हणजे असलेले मोडून नसलेले आणणे. कुठे मुळात काय उगवत होते हे कळायला देवाच्या नावाने राखलेल्या देवराया फार उपयोगी पडतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तो आजही वाचण्याजोगा आहे.

हे सगळे शिकायला पदवी हवी, यावर एक आक्षेप वजनदार आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. खाचरे बांधणारा शेतकरी कोणत्या विद्यापीठात गेला होता? उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांध घालायचे, वरच्या खाचरातले जादा पाणी खालच्यात सोडायला नेमके तोंड ठेवायचे, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या केले. खरे आहे, आणि कोणत्याही अभ्यासक्रमाने त्याच्यापुढे नम्रच असावे. पण ते शहाणपण एका विशिष्ट वेगाला बेतलेले होते. माणूस आणि बैल वर्षाला जेवढी जमीन हलवत, तेवढी जेसीबी एका दुपारी हलवतो. चूक दिसायला आणि दुरुस्त करायला जो अवकाश मिळे तो आता उरलेला नाही. शिवाय प्लॉट घेणारा शहरातून येतो, त्याने तो ओढा जुलैत कधी पाहिलेला नसतो. गावातल्या माणसाला जे ठाऊक आहे ते नकाशावर, आकड्यांत आणि मंजुरीच्या कागदात उतरवणारा कोणीतरी हवा. चांगला विद्यार्थी सर्वेक्षणाच्या यंत्राआधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतो की पाणी कुठवर येते.

‘हे श्रीमंतांचे काम, रिसॉर्ट नि गोल्फ कोर्सचे’ हा समज अर्धा खरा आहे, कारण पैसा तिथे जास्त मिळतो. पण मुंबईत धारावीलगत मिठी नदीच्या काठी कचऱ्याच्या डेपोवर सदतीस एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले, ते सार्वजनिक आहे. आणि मुळशीतच भुकूमजवळ उगम पावून बावधन, पाषाण, औंधमार्गे मुळेला मिळणारी रामनदी पाहा. वरच्या उतारांवर काय बांधले यावर खाली किती घरांत पाणी शिरेल हे ठरते, आणि ती घरे श्रीमंतांची असतात असे नाही.

आता शिक्षणाची व्यावहारिक बाजू. भारतात हा विषय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. आधी पाच वर्षांचे बी.आर्क., मग दोन वर्षांचे एम.आर्क. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ पासून तो आहे, अहमदाबादच्या सेप्टमध्ये आहे, आणि पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात मुलींना तो घेता येतो. थेट बारावीनंतरच्या पदव्या फार थोड्या ठिकाणी आहेत. एक गोष्ट विद्यार्थ्यांपासून लपवू नये. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने आर्किटेक्ट या नावाला कायद्याचे संरक्षण दिले, लँडस्केप आर्किटेक्टला तसा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे रोपवाटिका चालवणाराही स्वतःला लँडस्केप कन्सल्टंट म्हणवू शकतो, सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि बागकामाचा गैरसमज बाजारात टिकून राहतो. याचा उपाय विद्यार्थ्याने आणखी सुंदर चित्रे काढणे हा नाही. डोंगरउतारावरच्या गटाचा लेआउट मंजूर करताना उतार, भराव आणि पाण्याच्या वाटा दाखवणारा आराखडा मागावा, त्यावर या विषयात शिकलेल्या माणसाची सही सक्तीची करावी आणि खाली पाणी शिरले तर त्यालाच जाब विचारावा.