बंद कसा पडला, ते आधी सांगा

(लेखमाला : घरचा संगणक – भाग ६)

गेल्या भागात लॅपटॉपच्या बॅटरीबद्दल बोललो. या वेळी गेमिंग लॅपटॉप. याची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: 'गेम लावला की बंद पडतो.' आणि सल्लाही ठरलेला: फॉरमॅट मार. दोन तास मोडतात, सगळे गेम पुन्हा डाउनलोड करावे लागतात आणि चौथ्या मिनिटाला लॅपटॉप परत आडवा.

म्हणून हात लावण्याआधी एवढंच बघायचं की तो बंद कसा पडला. फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला, तर संशय आधी गेमच्या फाइल्सवर किंवा ड्रायव्हरवर. निळा (आता नव्या विंडोज ११ मध्ये काळा) पडदा येऊन अक्षरं दिसली, तर विंडोजने स्वतःच थांबायचं ठरवलं आणि जाताना कारण लिहून ठेवलं. काहीच न दिसता बटण दाबल्यासारखा खटकन विझला, तर सॉफ्टवेअर नंतर बघू. आधी वीज आणि उष्णता.

विंडोजची नोंदवही 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये असते. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद दिसते आणि लोक तिलाच आजार समजतात. खरं तर ती एवढंच म्हणते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. कामाचं असतं ते तिच्या 'डिटेल्स'मध्ये: बगचेक-कोड. तिथे शून्य असेल, तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे बहुधा वीज तुटली. २७८ असेल तर? हा आकडा दशमान पद्धतीतला असतो, तर बाकी सगळीकडे तोच कोड षोडशमान पद्धतीत, ०x११६ असा लिहितात. २७८ शोधून हाती काही लागत नाही ते यामुळेच. ०x११६ म्हणजे ग्राफिक्स कार्ड उत्तर देईना. विंडोज त्याला साधारण दोन सेकंद देते, मग ड्रायव्हर नव्याने सुरू करून बघते; तेही जमलं नाही, तर पडदा. इथे जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकणं हा पहिला उपाय. २९२, म्हणजे ०x१२४, दिसला तर मात्र तक्रार थेट हार्डवेअरची असते.

आता खटकन विझणारा. सगळे तापमानाला दोष देतात, पण प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग उतरवतो. गेम अडखळायला लागतो. लॅपटॉप विझतो तो त्याही पुढे. मे महिन्यात नागपुरात खोलीच चाळिशीला असते, तेव्हा हे अंतर लवकर संपतं हे खरं. पंख्याच्या मागच्या बारीक जाळीवर धुळीचा नमदा बसला असेल, तर आणखी लवकर. पण तापमान पंच्याहत्तर असताना विझला, तर चार्जरकडे बघा. आरटीएक्स ४०७० चं लॅपटॉपमधलं कार्ड एकटंच, बूस्ट धरून, १४० वॅटपर्यंत खाऊ शकतं. सोबतीला एचएक्स मालिकेतला प्रोसेसर असेल, तर त्याची मूळ भूकच ५५ वॅट. मूळ जाडजूड अडॅप्टर घरी ठेवून हॉस्टेलवर शंभर वॅटचा टाइप-सी चार्जर नेला, की उरलेला भार बॅटरीवर येतो. ती थकलेली असेल तर गेममधल्या पहिल्या मोठ्या स्फोटालाच अंधार.

पारखायचा सोपा मार्ग म्हणजे गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमरेट साठला बांधा. भार कमी होतो. एवढ्याने बंद पडणं थांबलं, तर विंडोजला सोडा. वीज नाहीतर उष्णता, दोघांपैकी एक. आणि एका वेळी एकच बदल करा. ड्रायव्हर, पेस्ट, रॅम सगळं एकदम बदललं आणि बरं वाटलं, तर नेमका गुण कशाने आला हे कळत नाही.

जाता जाता: इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या चिप बिघडत असल्याची २०२४ ची बातमी अनेकांनी वाचली असेल. तो घोळ डेस्कटॉपच्या चिपचा होता. जास्त व्होल्टेज मागणारा मायक्रोकोड इंटेलने ऑगस्टमध्ये सुधारला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. लॅपटॉपच्या चिपमध्ये ती अडचण नाही, असं कंपनीनेच सांगितलं होतं. त्यामुळे दुकानदार ते कारण पुढे करून मदरबोर्ड बदलायला सांगत असेल, तर आधी बगचेक-कोड दाखवायला सांगा.

पुढच्या आठवड्यात : मागचं झाकण उघडून जाळी साफ करणं, आणि वॉरंटी असताना ते करावं का.