हेल्मेट सगळ्यात शेवटी येतं

ज्यांना बसमध्ये इअरफोन विसरल्यामुळे आजचा भाग ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. आजचा विषय कोडिंगचा नाही, पण शेवटी तिकडेच येणार आहे. विषय आहे बांधकामावरच्या माणसांची सुरक्षा.

माझे बाबा सेंट्रिंगचं काम करायचे. मी सहावीत असताना एका संध्याकाळी ते स्लॅबवरून चालले होते. तिथे डक्टचं भोक होतं. डक्ट म्हणजे पाईप वरखाली नेण्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेली जागा. त्यावर प्लायवूड नुसतंच टाकलेलं, खिळे मारलेले नव्हते. बाबांचा पाय पडला, प्लाय सरकलं आणि ते एक मजला खाली. डोक्यावर हेल्मेट होतं, त्यामुळे डोकं वाचलं. कंबर गेली. ठेकेदार दवाखान्यात आला आणि पहिलं वाक्य बोलला, "लक्ष कुठं होतं तुझं?"

आता जरा गणित करू. एक मजला म्हणजे साधारण ३ मीटर. तेवढं पडायला पाऊण सेकंद लागतो आणि खाली आदळताना वेग असतो ताशी २७ किलोमीटरच्या आसपास. पाऊण सेकंदात माणूस 'लक्ष देऊन' काय करणार? तोल गेल्यावर लक्षाचा काही उपयोग नसतो. जे काही करायचं ते आधीच केलेलं असावं लागतं.

सुरक्षेच्या अभ्यासात यासाठी पाच पायऱ्यांची उतरंड शिकवतात. सगळ्यात वर सगळ्यात भरवशाचा उपाय:

१. धोकाच काढून टाका.
२. ते जमत नसेल तर कमी धोक्याची पद्धत वापरा.
३. माणूस आणि धोका यांच्यामध्ये अडथळा उभा करा.
४. नियम, ट्रेनिंग, पाट्या, देखरेख.
५. हेल्मेट, बूट, सेफ्टी बेल्ट.

हेल्मेट पाचवं आहे बरं का! ते नको असं अजिबात नाही, वरून वीट पडली तर तेच वाचवतं. पण ते माणसाला पडण्यापासून थांबवत नाही.

बाबांच्या डक्टला ही उतरंड लावून बघा. पहिली पायरी: स्लॅब भरताना सळईची जाळी डक्टच्या जागेतूनही तशीच पुढे न्यायची, आणि पाईप टाकायची वेळ आली की मगच कापायची. म्हणजे माणूस पडेल एवढं भोकच राहत नाही. तिसरी पायरी: चारही बाजूंनी रेलिंग, किंवा खिळ्यांनी पक्कं केलेलं जाड झाकण. चौथी: झाकणावर रंगाने लिहायचं, 'खाली भोक आहे, काढू नका'. कारण सुटं प्लाय दिसलं की कुणीतरी ते दुसरीकडे वापरायला उचलणारच. यातलं काहीच महाग नाही.

सेफ्टी बेल्टचंही तसंच. अंगात घातला म्हणजे झालं असं नाही, त्याचा हुक कशाला अडकवलाय हे महत्त्वाचं. परांचीच्या सैल पाईपला अडकवला तर पाईपसकट खाली. हुक शक्यतो डोक्याच्या वर आणि भक्कम जागी हवा. शिवाय दोरीची लांबी, झटका शोषणारा भाग उघडतो ते अंतर आणि माणसाची उंची धरली, तर हुकाच्या खाली साडेपाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्यावर पायाजवळ हुक अडकवला, तर दोरी ताणली जाण्याआधीच जमीन येते! तिथे रेलिंगच पाहिजे.

आता कोडिंगकडे येतो. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की मीटिंग होते. तिथे 'कुणी केलं' हे विचारायचं नाही असा नियम आहे. एका चुकीच्या बटणाने सगळं बंद पडूच कसं शकलं, हे विचारायचं. माणूस चुकणार हे धरूनच सिस्टिम बांधायची. पहिल्यांदा त्या मीटिंगमध्ये बसलो तेव्हा मला दवाखान्यातला ठेकेदार आठवला. ॲपसाठी जो विचार आपण करतो, तो दहाव्या मजल्यावरच्या माणसासाठी का नाही?

जाता जाता कामाची गोष्ट. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळांची सोय झाली आणि त्यासाठी बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर घेतला जातो. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम केलेलं असेल, तर कामगाराला मंडळात नोंदणी करता येते. बाबांची नोंदणी नव्हती. कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरात, गल्लीत कुणी मिस्त्री, बिगारी, सेंट्रिंगवाले काका असतील, तर आज त्यांना विचारा. फॉर्म भरायला तुमचा मोबाईल आणि अर्धा तास द्या.

आणि पुढच्या वेळी एखाद्या साईटवर 'सुरक्षा प्रथम' हा बोर्ड दिसला, तर बोर्ड वाचून पुढे जाऊ नका. मान वर करून स्लॅबच्या कडेला रेलिंग आहे का बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.