पलटणने कोणाला निवडावे?

लिलाव हा शब्द आमच्या भागात कोणाला नवा नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूपत्त्याचा लिलाव होतो आणि त्यात मिळालेल्या भावावर पुढच्या वर्षाचे कपडे, वह्या-पुस्तके आणि बियाणे ठरते. पानाला बोली लागते हे मी लहानपणापासून पाहत आले. माणसाच्या खेळाला बोली लागते हे मात्र मला कबड्डीमुळे कळले. प्रस्तुत लेखात ही खेळाडूंची निवड कशी होते ते सांगून, आमच्या पुणेरी पलटणने पुढच्या निवडीत काय करावे याविषयी माझी मते मांडण्याचा विचार आहे. मी कोणी जाणकार नव्हे. आश्रमशाळेच्या संघात तीन वर्षे खेळलेली आणि दादाबरोबर भांडत भांडत सामने पाहणारी एक प्रेक्षक, एवढाच माझा अधिकार.

प्रथम थोडी माहिती. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू हातात धरून पळतात आणि समोरचे त्याला कमरेला मिठी मारून पाडतात. म्हणजे तो खेळ आपल्या कबड्डीचाच दूरचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही. त्या खेळात महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू संघांना वाटून देण्याची एक रीत आहे. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फिया शहरात झाला. त्याचा नियम मोठा गमतीचा आहे. जो संघ गेल्या वर्षी सर्वांत शेवटी आला, त्याला सर्वांत आधी निवडण्याचा मान! दुबळ्याला आधी वाढावे, असा त्यातला न्याय आहे. त्या पहिल्या वर्षी ज्याचे नाव सर्वांत आधी पुकारले गेले तो जे बर्वांगर नावाचा गडी पुढे व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. निवड करणे सोपे नसते, हे तेव्हापासूनचे आहे. त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखवली होती, हे आपण विदर्भातल्या मुलामुलींनी विसरू नये.

कबड्डीत ड्राफ्टऐवजी लिलाव आहे. प्रो कबड्डी लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली. २०१७ पासून संघ बारा झाले. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेशकुमारला पाटणा संघाने १२ लाख ८० हजारांना घेतले होते. २०२३ साली तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. नऊ वर्षांत भाव वीस पटींनी वाढला. तेंदूपत्त्याचा असा वाढता तर!

२०२५ च्या लिलावाचे नियम पाहू. प्रत्येक संघाच्या थैलीत ५ कोटी रुपये. त्यांतून किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू घ्यायचे. खेळाडूंचे चार गट पाडलेले असतात आणि त्यांची किमान बोली अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख अशी. लिलावाआधी काही खेळाडू संघाला स्वतःकडे राखता येतात. शिवाय सुटलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली मान्य करून त्याला परत आणण्याची सोयही असते. आणि एक दार असे आहे की ज्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही : नव्या तरुण खेळाडूंना लिलावाबाहेर, ठरलेल्या मानधनावर संघात घेता येते. या दाराकडे मी शेवटी येणार आहे.

आता पलटणकडे वळू. २०२२ च्या हंगामात पलटण प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचली आणि जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. त्या वेळी आपला कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली, डाव्या कोपऱ्याचा बादशहा. त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतले होते. पुढच्या लिलावात तो गेला आणि त्याच्या जागी इराणचाच मोहम्मदरझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना आला. तोही डावा कोपरा. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पण पुढच्या लिलावात शादलुईही सुटला. त्याला घेतले हरियाणाने, २ कोटी ७ लाखांना, आणि त्याच वर्षी हरियाणा विजेता झाला! पलटण त्या हंगामात बाद फेरीतही नव्हती. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत काय झाले? अंतिम सामना, समोर दबंग दिल्ली, सामना अगदी संपत आलेला, आपला पोरगा आदित्य शिंदे चढाईला गेला आणि त्याला पकडले ते फझल अत्राचलीने. २८-३१ अशी हार. आपणच सोडलेल्या माणसाने आपला घास काढून घेतला.

त्या रात्री आम्ही दहाबारा जण एका मोबाइलभोवती बसलो होतो. अधूनमधून चित्र थांबायचे, आवाज पुढे जायचा. पकड झाली ती आम्ही आधी ऐकली आणि मग पाहिली. दादा उठून अंगणात गेला. आमच्या घरात माडिया बोलतात, तो जे म्हणाला त्याचा मराठीत अर्थ असा : “कोपरा विकला की घर कोसळते.”

दादा स्वतः डावा कोपरा खेळतो, म्हणून त्याचे मत थोडे बाजूचे धरावे लागेल. तरी त्यात तथ्य आहे. सात जणांच्या साखळीत कोपरारक्षक सर्वांत बाहेर उभा असतो. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा घोट्यापर्यंत पहिला हात पोहोचतो तो त्याचाच. मधले खेळाडू येऊन मिठी घालेपर्यंत त्याने एकट्याने तो पाय धरून ठेवायचा असतो. जरा आधी झेपावला तर स्वतः बाद, जरा उशीर झाला तर गुण गेला. चढाईपटूला तीस सेकंदांत एकदा शाबासकी मिळते. कोपऱ्याला मात्र पुष्कळदा नुसती वाट पाहावी लागते. मुंबईचा संघ २०१५ साली जिंकला तेव्हाही त्याच्या बचावात हाच फझल होता. म्हणून दादाचे म्हणणे असे की थैली रिकामी झाली तरी चालेल, पण पलटणने शादलुईला परत आणावे.

येथे माझा मतभेद आहे. २ कोटी ३५ लाख म्हणजे ५ कोटींतले शंभरातले सत्तेचाळीस रुपये. उरलेल्या २ कोटी ६५ लाखांत निदान सतरा जण बसवायचे. म्हणजे माणशी साधारण साडेपंधरा लाख. इतक्यात अनुभवी चढाईपटू येत नाही. २०२२ साली तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावून तो हंगामभर बाहेर बसला. तरी तो संघ तरुण पोरांच्या जोरावर उपांत्य फेरीत आला. आपण त्यांना ३९-३७ असे जेमतेम हरवले. शादलुईलाही २०२५ साली गुजरातने २ कोटी २३ लाखांना घेतले, पण विजेतेपद काही गुजरातला मिळाले नाही. एका खांबावर तंबू उभा राहत नाही, हेच खरे.

पलटणचे खरे बळ वेगळे आहे. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे लाखोंच्या बोलीने आलेले नव्हेत. ते नवे तरुण खेळाडू म्हणून संघात आले आणि तेथेच घडले. अस्लम २०२३-२४ च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो आणि आकाश शिंदे, दोघेही २०२३ साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते.

तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे पलटणने पुढीलप्रमाणे करावे. एक, अस्लम, पंकज मोहिते, अबिनेश नादराजन, गौरव खत्री आणि आदित्य शिंदे हा गाभा शक्य तितका राखावा. दुसरे, अस्लमला दुखापतींनी वारंवार गाठले आहे. २०२४ च्या हंगामात तो बराच काळ बाहेर होता. म्हणून ‘करो या मरो’च्या चढाईला डोके शांत ठेवणारा एक अनुभवी चढाईपटू मध्यम भावात घ्यावा. तिसरे, डाव्या कोपऱ्यासाठी एक कोटीपर्यंत जरूर जावे, पण त्यापुढे हात आखडावा आणि त्या कोपऱ्याच्या हाताखाली एक तरुण तयार करावा. (हे वाक्य दादाला वाचून दाखवले तेव्हा तो तासभर बोलला नाही.)

चौथे मत सांगण्याआधी गावातली एक गोष्ट सांगते. धान कापणी झाल्यावर आमच्याकडे कबड्डीचे सामने होतात. चुन्याने रेषा आखतात, जनरेटरवर दिवे लावतात, रात्रभर गर्दी हटत नाही. दोन वर्षांपूर्वी एका संघाने बक्षिसाच्या आशेने वर्गणी काढून बाहेरून तीन चढाईपटू आणले. गावचे तिघे राखीव बसले. त्यांत दादा होता. पाहुण्यांनी गुण भरपूर केले, पण बचावात कोण कोणाला हात देईल हे कोणालाच माहीत नव्हते. दोन लोण बसले आणि संघ हरला. पाहुणे ठरलेले पैसे घेऊन पहाटेच्या गाडीने गेले. दादाने घरी येऊन गुडघ्याला बांधलेली पट्टी सोडली. ती अजून पांढरीच होती. त्या पांढऱ्या पट्टीपासून मी निवड या विषयाचा विचार करू लागले.

म्हणून माझे चौथे मत असे, की पलटणने ते लिलावाबाहेरचे दार आमच्या बाजूलाही उघडावे. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ वेगळा उतरतो, पण निवडणाऱ्यांची नजर आलापल्लीपलीकडे येत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की आमचा तालुका जगापासून तुटतो. निवड चाचणीची बातमी येथे पोहोचेपर्यंत चाचणी संपलेली असते. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, दोन माणसे पाठवून आमचे सामने पाहावेत. कोणालाही दयेने घेऊ नये. पाहावे आणि योग्य वाटला तरच घ्यावा. पाहिल्यावर नाकारले तर त्याचे दुःख नाही. न पाहता राखीव बसवले, त्याचे दुःख राहते. मुलींसाठी तर हे दार बांधलेच गेलेले नाही. २०१६ साली तीन संघांची महिला स्पर्धा या लीगबरोबर झाली होती, ती तेवढ्यावरच थांबली. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दादा एकवीस वर्षांचा आहे. कोपऱ्याचे पाय अजून दोन-तीन वर्षे तरी चपळ राहतील, असे तो म्हणतो. हा लेख लिहून झाल्यावर त्याला विचारले, “दादा, पलटणवाले वाचतील का रे हे?” तो म्हणाला, “ते नाही वाचणार. पण तू लिहून ठेव. आणि एक कोटीचे दीड कोटी कर.”

मी ते बदललेले नाही.