घडीचा तक्ता

शाळेची माहिती संगणकावर भरणे हा आता शिक्षकांच्या कामाचाच भाग झाला आहे. या माहितीवरून तयार झालेला अहवाल पडद्यावर उघडला, की बऱ्याचदा सगळे आकडे एकदम दिसत नाहीत. ‘भंडारा जिल्हा’ अशी एकच ओळ दिसते आणि तिच्या डावीकडे अधिकची छोटी खूण. खुणेवर टिचकी मारली की खाली भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके उलगडतात. तालुक्यासमोरची खूण दाबली की गावे, गावासमोरची दाबली की शाळा. स्तंभांचेही असेच असते. ‘लोकसंख्या’ हा स्तंभ उघडला की स्त्रिया आणि पुरुष, ‘वर्ष’ उघडला की महिने.

ही सोय कशी चालते ते कागदावर करून पाहता येईल. एका लांब कागदावर वर ‘आपली शाळा’ आणि एकूण पट लिहा. त्याखाली पाच ओळींत पहिली ते पाचवीचा पट लिहा. आता या पाच ओळी मागे जातील अशी घडी घाला. वर फक्त बेरीज उरेल. आकडे नाहीसे झालेले नाहीत, घडीत गेले आहेत. संगणकातला तक्ता नेमके हेच करतो. फरक एवढाच, की तेथे वरची ओळ बहुधा साठवलेली नसते. साठवलेल्या असतात त्या सगळ्यांत खालच्या नोंदी. त्यांवरून बेरीज करून वरची ओळ दाखवली जाते.

पण कोणती शाळा कोणत्या ओळीखाली घडी घालायची, हे संगणकाला कसे कळते? याचे उत्तर आपल्याला पाठ असलेल्या एका आकड्यात आहे. शाळेचा यू-डायस क्रमांक ११ अंकी असतो. पहिले २ अंक राज्याचे, पुढचे २ जिल्ह्याचे, त्यानंतर २ तालुक्याचे, ३ गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे २ शाळेचे. महाराष्ट्राचा अंक २७ आणि भंडाऱ्याचा १०. म्हणून जिल्ह्यातल्या शाळांचे क्रमांक २७१० ने सुरू होतात. पहिले चार अंक सारखे असलेल्या नोंदी एकत्र केल्या की जिल्हा, सहा अंक सारखे असलेल्या एकत्र केल्या की तालुका. म्हणजे शाळेचा क्रमांक हा तिचा पत्ताही आहे. त्यातला एक अंक चुकला, तर शाळेची मुले दुसऱ्याच तालुक्याच्या बेरजेत जाऊन बसतील.

आता महत्त्वाचा प्रश्न. घडी घालताना सगळेच आकडे बेरजेने एकत्र होतात का? २०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्यात ६,०५,५२० पुरुष आणि ५,९४,८१४ स्त्रिया होत्या. दोन्ही मिळून १२,००,३३४. ही बेरीज तालुक्यांवरून केली काय किंवा गावांवरून केली काय, तीच येईल. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या मात्र ९८२ होती. सात तालुक्यांची ही प्रमाणे मिळवून सातने भागली, तर बरोबर ९८२ च येईल असे नाही, कारण सगळे तालुके सारख्या लोकसंख्येचे नाहीत.

हजेरीचे उदाहरण घेऊ. समजा एका शाळेत २० मुले आहेत आणि १० हजर आहेत, म्हणजे ५० टक्के. दुसरीत १८० पैकी १६२ हजर, म्हणजे ९० टक्के. टक्क्यांची सरासरी ७० येते. प्रत्यक्षात २०० पैकी १७२ मुले हजर आहेत, म्हणजे ८६ टक्के. ज्या स्तंभात नुसते टक्के भरले आहेत त्याची सरासरी काढायला सांगितले, तर संगणक ७० दाखवील आणि कुरकुरही करणार नाही. म्हणून टक्के साठवू नयेत. पट आणि हजेरी हे दोन्ही आकडे साठवावेत आणि भागाकार प्रत्येक पातळीवर नव्याने करावा.

८६ हा आकडा बरोबर आहे, पण त्याने सगळे सांगितले असे मात्र नाही. निम्मी मुले गैरहजर असलेली लहान शाळा त्याच्या घडीत दिसेनाशी झाली. स्तंभांतही हेच घडते. समजा रोवणीच्या दिवसांत एखाद्या गावातली मोठी मुले शेतावर जातात किंवा घरी धाकट्यांना सांभाळतात. वर्षाचा स्तंभ मिटलेला असेल तर हजेरी चांगलीच दिसेल. महिने उलगडले की जुलै-ऑगस्टमधला खड्डा समोर येईल. त्या मुलांसाठी काही करायचे तर आधी तो खड्डा दिसायला हवा.

काळाच्या घडीत आणखी एक अडचण असते. १९९१च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख होती आणि २००१ मध्ये ती ११,३६,१४६ झाली. दहा वर्षांत निम्मी माणसे गेली कुठे? कुठेच नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. २००१ मध्ये गोंदियात १२,००,७०७ लोक होते. दोन्ही मिळून २३,३६,८५३, म्हणजे लोकसंख्या वाढलीच होती. ओळीचे नाव तेच राहिले, पण तिच्या घडीतले तालुके बदलले. दोन वर्षांची तुलना करताना दोन्हीकडे तीच गावे आहेत ना, हे ओळ उलगडून पाहावे लागते.

पाचवी ते आठवीच्या वर्गात हा प्रयोग सहज होईल. मुलांना आपल्याच वर्गाची महिनाभराची हजेरी द्या. मुले-मुली आणि आठवडे अशा दोन्ही बाजूंनी घड्या घालता येतील असा तक्ता करायला सांगा. मिटलेल्या तक्त्यावरून काय वाटते ते आधी लिहून घ्या आणि मग एकेक घडी उघडा. एखादा दिवस हजेरीची नोंदच झाली नसेल, तर तेथे शून्य लिहायचे की जागा कोरी ठेवायची, यावर वर्गात वाद होऊ द्या. दोन्हींची सरासरी काढली की मुलांना फरक आपोआप कळेल.