दोन टोळ्यांच्या मधलं गाव

आज एका जुन्या सिनेमाची गोष्ट सांगते. सिनेमा परदेशी आहे, पण ऐकता ऐकता तुम्हाला आपला वर्धा जिल्हा नक्की आठवेल.

सिनेमाचं नाव ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’, म्हणजे मूठभर डॉलर. सर्जिओ लिओने यांनी तो १९६४ मध्ये काढला. घोडे आणि पिस्तुलं असलेल्या अशा सिनेमांना वेस्टर्न म्हणतात, कारण त्यांच्या गोष्टी अमेरिकेच्या पश्चिम भागात घडतात. हा मात्र इटलीच्या लोकांनी बनवला आणि त्याचं चित्रीकरण झालं स्पेनमध्ये. इटलीत आपल्या शेवयांसारखी स्पॅगेटी खातात, म्हणून असल्या सिनेमांना स्पॅगेटी वेस्टर्न हे नाव पडलं. गोष्ट मुळात जपानची. अकिरा कुरोसावा यांच्या १९६१ च्या ‘योजिम्बो’वरून ती न विचारता घेतली होती. त्यावरून दावा झाला आणि कमाईतला हिस्सा जपानला द्यावा लागला. पुढे १९७५ मध्ये आलेल्या आपल्या ‘शोले’वरही लिओने यांच्या सिनेमांची छाप दिसते.

आता गोष्ट. सीमेवरचं एक गाव. तिथे दोन टोळ्या. एक दारूचा धंदा करते, दुसरी बंदुकांचा. बंदुकवाल्या टोळीचा म्होरक्याच गावचा शेरीफ, म्हणजे कायदा राखणारा. मग तक्रार करायची कुणाकडे? लोक दारं लावून बसतात. गावात शवपेट्या करणारा सुतार तेवढा रोज कामात असतो.

अशा गावात एक अनोळखी माणूस येतो. क्लिंट ईस्टवूडने ते काम केलं आहे. बंदूक तो झटकन चालवतो, पण त्याचं खरं हत्यार डोकं. दोन्हीकडून पैसे घेतो, इकडची बातमी तिकडे देतो आणि टोळ्या एकमेकींवर घालतो. दारूवाल्यांच्या रमोनने मारिसोल नावाच्या बाईला नवऱ्यापासून, लेकरापासून तोडून डांबून ठेवलेलं असतं. तिला तो सोडवतो आणि जवळचे पैसे देऊन त्या कुटुंबाला गावाबाहेर काढतो. त्यापायी स्वतः मरेस्तोवर मार खातो. शेवटी रमोन त्याच्या छातीवर गोळ्यांमागून गोळ्या झाडतो, तरी हा पुन्हा पुन्हा उठतो. कारण अंगावरच्या घोंगडीखाली त्याने लोखंडी पत्रा बांधलेला असतो. रमोनचा नेम नेहमी काळजावरच असतो, हे त्याने आधीच हेरलं होतं.

बघताना मजा येते. पण शेवटी काय होतं? दोन्ही टोळ्या संपतात आणि तो घोड्यावर बसून निघून जातो. उद्या तिसरी टोळी आली तर गावाने काय करायचं, याचं उत्तर सिनेमात नाही.

आपल्याला ते शोधावंच लागतं. आपला जिल्हा दारूबंदीचा, जवळच गांधीजींचं सेवाग्राम. तरी मोहाचा सडवा पकडल्याची बातमी पेपरात येतच राहते. दारू कुठे मिळते हे गल्लीतल्या लेकरालाही माहीत असतं. आठवडाभराची मजुरी तिकडे गेली की गटाचा हप्ता थकतो, आणि घरात मार खाणारी बाई ‘पडले’ म्हणून सांगते. आपल्याकडेही बाया वाट बघतात, कुणीतरी खमक्या येईल म्हणून.

त्या अनोळखी माणसाच्या दोन गोष्टी मात्र घेण्यासारख्या आहेत. एक, आधी नीट बघणं. माल कुठून येतो, कधी येतो, कोण ठेवतं, हे तारीख-वारासह लिहून ठेवा. दुसरी, छातीवरचा पत्रा. एकटी बाई बोलली की तिच्या घरावर दगड येतो. म्हणून तक्रार एकीच्या नावाने नको, गटाच्या ठरावाने करा. सगळ्यांच्या सह्या घ्या, अर्ज पोलीस ठाण्यात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. ग्रामसभेत ग्रामरक्षक दलाची मागणी करा, तशी तरतूद कायद्यात आहे. धाड स्वतः घालायला जाऊ नका. तातडीची वेळ आली तर ११२ नंबर फिरवा.

येत्या बैठकीत वसुली झाली की हा विषय घ्या. ज्या बाईच्या घरातलाच माणूस पितो, तिला आधी बोलू द्या.