कारंजाचे पाणी मोजताना

आपल्या भालकी तालुक्यातील कारंजा धरणाचे पाणी पावसाळ्यात पसरते, उन्हाळ्यात आकसते. त्याचे क्षेत्रफळ वेळोवेळी कसे मोजावे? काठ वेडावाकडा, लांबी गुणिले रुंदी चालत नाही.

लॅण्डसॅट उपग्रहाच्या चित्रातील एक चौकोन 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, म्हणजे 900 चौरस मीटरचा. पाण्याचे चौकोन मोजा, 900 ने गुणा. साडेचार चौकोनांचा जवळपास एक एकर! वाहते पाणी संगणकावर दाखवणारे पॅराव्ह्यूसारखे सॉफ्टवेअरही हेच करते. पाणी कशाला म्हणायचे ते ठरवून तेवढ्या तुकड्यांची बेरीज घेते, आणि क्षणाक्षणाला तीच कृती करून आलेख काढते.

खरी मेख काठावर आहे. तिथला चौकोन अर्धा चिखल, अर्धा पाणी. या महिन्यात त्याला पाणी म्हटले आणि पुढच्या महिन्यात जमीन, तर पाणी न आटताच आटलेले दिसेल. नियम थोडा ढोबळ असला तरी आम्हाला चालेल, मध्येच बदललेला चालणार नाही.

कारंजा ज्या मांजरेला मिळते, तिच्यावरचे धनेगावचे धरण आटले आणि 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी किती आकसले हे तेव्हा वेळेवर कळायला हवे असते. मात्र क्षेत्रफळ म्हणजे साठा नव्हे. त्यासाठी खोलीही लागते.